ठोकळा एकाकडे, पातं दुसऱ्याकडे

गाळा नंबर सातला शेवटी सील लागलं. लाखेचं, तांबडं आणि जरासं वाकडं, कारण लावणाऱ्याचं बोट भाजलं. हे आधीच सांगून टाकलं, कारण बाजारातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आता असं धरा की तसलं काही झालंच नाही. दार सताड उघडं आहे, गरम वारा भुस्सा उडवतो आहे आणि धाकटी जमिनीवर बसून एका लाकडी पट्टीला पॉलिश पेपर मारते आहे.

धाकटी म्हणजे धाकट्या फ्रेमवाल्याची बायको. थोरला फ्रेमवाला तिचा दीर, तो त्याच गाळ्यात चार हातांवर बसतो. मध्ये प्लायवूड आहे. सासरे होते तोवर गाळा एकच होता. ते लाकूड आणून घरच्या घरी पट्टी काढायचे, चार तुकडे जोडून फ्रेम करायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "फोटोतला माणूस टिकेल न टिकेल, फ्रेम टिकेल." मागच्या वर्षी ते स्वतःच टिकले नाहीत. त्यानंतर दोघा भावांनी वाटणी केली, आणि इतकी काटेकोर केली की बघणाऱ्यांना भीती वाटली.

काच कापायचा हिरा थोरल्याला, तर काच धाकट्याला. करवती दोन होत्या, दात मोजून दिल्या. राहिला नक्षीचा रंधा. हातभर लांबीचा लाकडी ठोकळा, त्यात वरून खोचलेलं पोलादी पातं. पात्याच्या धारेला तीन लाटा आणि एक पायरी. ठोकळ्याच्या बुडाला आणखी एक बारकं पातं कायमचं ठोकलेलं, ते पट्टीच्या मागे काच बसायची खाच पाडतं. एका फेरीत पुढून नक्षी, मागून खाच. असा रंधा दुसरीकडे कुठेच नव्हता, म्हणून तो दोघांनाही हवा होता. तासभर शिव्या झाल्यावर थोरला म्हणाला, "ठीकाय, अर्धा अर्धा." त्याने ठोकळा उचलला, धाकट्याने पातं. पातं घट्ट बसवणारी पाचर तेवढी उरली. ती प्लायवूड हलू नये म्हणून प्लायवूडखाली ठोकली.

तेव्हापासून गाळ्यात कुणी पट्टी काढली नव्हती. थोरला शहरातून प्लॅस्टिकच्या सोनेरी पट्ट्या आणायचा, धाकटा त्याच्याकडूनच घ्यायचा. मग एक दिवस थोरल्याने देणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाला, "मला कारण लागत नाही." शहरातल्या व्यापाऱ्यालाही त्याने सांगून ठेवलं होतं.

उन्हाळा तापला आणि बाजाराच्या गाळे कार्यालयाचा शिपाई पत्र घेऊन आला. पाकीट एकच होतं. कुणाच्या हातात द्यावं ते त्याला कळेना. उंबऱ्यावर त्याचं नाक प्लायवूडच्या कडेच्या बरोब्बर समोर येईल असा तो उभा राहिला आणि त्याने मोठ्याने वाचलं.

गाळा मूळ धारकाच्या नावे. मूळ धारक मयत. जो वारस मूळ व्यवसाय मूळ पद्धतीने करत असल्याचं सिद्ध करील त्याच्या नावे गाळा होईल. पुरावा म्हणून कार्यालयाच्या सभागृहातल्या, मूळ धारकाने केलेल्या जुन्या फ्रेमसारखी एक फ्रेम, स्वतः काढलेल्या पट्टीची, आठ दिवसांत दाखवावी. तीत बसवायला सोबत विद्यमान अध्यक्षांचा फोटो, दोन प्रती.

"म्हणजे काय?" पलीकडून थोरलीने, थोरल्याच्या बायकोने विचारलं.

"म्हणजे दोघांतला एक बाहेर," शिपाई म्हणाला आणि पाणी न पिता गेला. कुणी विचारलंच नव्हतं.

धाकट्याने पहिल्याच दिवशी जुन्या दाराच्या चौकटीचं लाकूड पैदा केलं. पातं आपल्याकडे आहे, ठोकळा आपणच कोरू, असा त्याचा हिशेब. पटाशीने भोक पाडता पाडता दीड दिवस गेला. रंधा पुढून दोराने ओढायला एक माणूस लागतं. सासऱ्यांच्या वेळी दोघं मुलगे पाळीपाळीने ओढायचे. आता दोर धाकटीच्या हातात आला.

वारा असा होता की लाकडाचा अंगचा ओलावा उडून जात होता. भिंतीवर टांगलेल्या फ्रेमचे कोपरे आपोआप उकलत होते. मधूनच टक्‌ असा आवाज यायचा, की समजायचं, अजून एक सुटली. धाकटीच्या ओठांना भेगा पडल्या होत्या आणि केसांत भुस्सा असा बसला होता की ती एकदम म्हातारी दिसत होती.

"ओढ."

"ओढतेय."

"सरळ ओढ. बैलसुद्धा सरळ ओढतो."

"बैलाला मागून कुणी शिकवत नसतं."

"ओढ गं!"

तिने पाय फळीला टेकवले, दोर मनगटाला गुंडाळला आणि मागे रेलली. रंधा दोन बोटं सरकला, कचकन अडला, उसळला. पट्टीवर नक्षीऐवजी उंदराने कुरतडल्यासारखं काहीतरी उमटलं. पातं कलतं बसलं होतं. काढा, पुन्हा बसवा. पुन्हा ओढा.

प्लायवूडच्या पलीकडून थोरलीचा गोड आवाज आला. "आमच्याकडं असलं नाही बाई. आमचे हे एकटेच ओढतात."

"काय ओढतात?" धाकटी म्हणाली. "पातं तर इथंय."

खरं म्हणजे थोरला दोन दिवस रिकामा ठोकळाच फळीवरून पुढेमागे फिरवत होता. हाताला सवय राहावी म्हणून. फळीला ओरखडासुद्धा पडला नव्हता, पण घाम मात्र खराखुरा येत होता.

तिसऱ्या दिवशी धाकटीच्या तळहाताला फोड आले. चौथ्या दिवशी सकाळी ते फुटले. तिने चिंधी बांधली, दोर धरला आणि ओढला. रंधा असा सुर्र्‌ आवाज करत आला की ती जवळजवळ मागे पडली. धाकट्याने ढलपी बाजूला केली. खाली वीतभर लांबीची नक्षी होती. तीन लाटा, एक पायरी. तिने सासऱ्यांच्या जुन्या आरशाची फ्रेम आणून शेजारी धरली. तंतोतंत.

धाकट्याने वीतभर पट्टीवरून अंगठा फिरवला. "बाबांची," तो म्हणाला. मग एवढं बोलल्याची लाज वाटून म्हणाला, "बघत काय बसलीस? ओढ."

तिने ओढलं. नवा ठोकळा मधोमध उभा तडकला. त्याचे दोन सरळ तुकडे झाले. वाऱ्याने त्यातलं पाणी पिऊन टाकलं होतं.

पलीकडून थोरला हसला. पुरता हसलाही नाही, नुसतं नाकातून हुं केलं. त्या हुंमुळे धाकट्याने तुकडे भिंतीवर फेकले आणि त्या दणक्याने आणखी दोन फ्रेमचे कोपरे सुटले.

त्या दुपारी नळावर दोघी जावा समोरासमोर आल्या. पाण्याची धार करंगळीएवढी होती, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर होता.

"तडकला म्हणे," थोरली म्हणाली.

"तुमचा नाही तडकायचा. तो कामच करत नाही."

"जीभ बघा." थोरलीने बादली सरळ केली. "एक सांगू? पातं दे. तासाभरासाठी."

"ठोकळा द्या. तासाभरासाठी."

"मी मोठी आहे. आधी तू दे."

"मोठ्यांनी आधी द्यायचं असतं, जाऊबाई."

"म्हणजे तू घेऊन बसणार आणि आम्ही रस्त्यावर?"

"आणि तुम्ही घेतलं तर आम्ही कुठं? तुमच्या माळ्यावर?"

धार आणखी बारीक झाली. थोरलीने आवाज खाली आणला. "मग एकदमच देऊ. तू तिकडून सरकव, मी इकडून. प्लायवूडखालून. एक, दोन, तीन. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही."

धाकटीने यात कुठे दगा आहे का ते नीट तपासलं. वाटणी झाल्यापासून तिला ती सवय लागली होती. दगा सापडला नाही. व्यवहार एकदम बरोबरीचा होता. "चालेल," ती म्हणाली.

दोघे भाऊ जेवायला गेलेले असताना दोघी आपापल्या बाजूला जमिनीवर पालथ्या झाल्या. प्लायवूडखाली पाचरीमुळे आडवा ठोकळा जाईल एवढी फट राहिली होती.

"धरलंस?"

"धरलंय."

"लबाडी करशील."

"तुम्हीच कराल."

"एक. दोन. तीन."

पातं पलीकडे गेलं, ठोकळा अलीकडे आला. धाकटीने ठोकळा पोटाशी धरला. सासऱ्यांच्या हाताने जिथे घासून खळगा पडला होता, तिथे तिचा हात आपसूक बसला. घामाने काळा पडलेला, जड, गुळगुळीत ठोकळा. मग तिने ठोकळ्याच्या मधल्या रिकाम्या भोकातून पाहिलं. भोकातून तिला स्वतःची मांडी दिसली.

पलीकडे थोरली पातं उलटसुलट करून बघत होती.

"अगं ए."

"काय?"

"आता?"

"आता काय?"

"ठोकळा दे की."

"तुम्ही पातं द्या."

"मग आधीचंच होईल की!"

"मग मी काय करू?"

दोघीही तशाच पालथ्या पडून राहिल्या. फटीतून एकमेकींचे डोळे तेवढे दिसत होते आणि त्यांत लाज नव्हती, नुसता संशय होता.

तेवढ्यात धाकटा आला. बायकोच्या पोटाशी ठोकळा बघून तो दारातच थांबला. "आणलास?" त्याचं तोंड चार दिवसांनी उजळलं. "दादाच्या घशातून काढलास? कसा?"

नेमकं त्याच वेळी पलीकडे थोरला ओरडत होता, "पातं! वा गं वा! बघ, ह्याला म्हणतात बायको!"

दोघींनी खरं सांगायचं ठरवलं होतं की नाही कोण जाणे. पण इतक्या वर्षांत नवऱ्याकडून कौतुक प्रथमच होत होतं. ते एवढ्यात मोडवेना.

पलीकडचं 'पातं!' ऐकून धाकटा समजला की वहिनीने तेवढ्यात आपलं पातं लांबवलं, आणि धाकटीने त्याला तसंच समजू दिलं. आता पातं बनवायला हवं होतं. धाकट्याने जुनी जाडी कानस भट्टीत लाल करून नरम केली. पण धारेला नक्षी कुठली द्यायची? धाकटी म्हणाली, "माझ्यावर सोडा." सासऱ्यांच्या आरशाच्या फ्रेमचा एक कोपरा वाऱ्याने सुटलाच होता. तिने पट्टीचं तोंड कागदावर उभं ठेवलं, भोवतीने पेन्सिल फिरवली आणि कात्रीने रेषेवरून कापलं. कागदाचे दोन तुकडे झाले. दोन्हींना तीच नागमोडी कड. एक तिने नवऱ्याला दिला. दुसऱ्या तुकड्याने कपाळावरचा घाम पुसला आणि तो टाकून दिला.

दोन दिवस धाकटा घासत होता. सहाणेवर, मग बारीक कानशीने, मग पॉलिश पेपरने. लोखंडाची काळी पूड त्याच्या नाकात, कानात, भाकरीवर. बोटांची टोकं सोलली. पातं कागदाशी जुळवून बघायचा, पुन्हा घासायचा. पलीकडून वेगळाच आवाज येत होता. थोरला खरं पातं दोन फळकुटांत आवळून हातानेच लाकूड खरवडत होता. खर्र, खर्र, खर्र. दाताला कळ यावी असा.

"दादा, माणूस आहेस की घूस?" धाकट्याने एकदा विचारलं.

"तुझा आरसा बघ, धाकट्या. मग बोल."

सातव्या दिवशी नवं पातं जुन्या ठोकळ्यात बसलं. पाचर कोरून घ्यावी लागली, जुनी प्लायवूडखाली होती आणि ती काढणार कोण? धाकटीने फुटलेल्या तळहातांवर दोर घेतला. रंधा निघाला तो थांबलाच नाही. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध ढलपी, कुरळी, लांबलचक. मागे खाच सरळ दोरीसारखी. पुन्हा एक फेरी. पुन्हा एक. लाकूड जणू वाटच बघत होतं.

धाकटा गुडघ्यांवर बसून हसला. मग त्याने पट्टी उचलली, उजेडाला धरली, आणि हसू हळूहळू उतरलं.

जिथे लाट हवी तिथे खड्डा होता. जिथे खड्डा हवा तिथे लाट. तीन खड्डे आणि उलट्या बाजूची एक पायरी.

"उलटी आहे," तो म्हणाला.

धाकटीने बघितलं. "हो."

"गुळगुळीत आहे. सरळ आहे. पण उलटी आहे."

"दिसतंय मला."

"कागदाचा कुठला तुकडा दिलास तू?"

"तुम्ही दोन दिवस घासत होता. तुम्हाला नाही दिसलं?"

"मी तुझ्यावर सोडलं होतं ना! 'माझ्यावर सोडा' कोण म्हणालं?"

कोपऱ्यातल्या केरात कागदाचा दुसरा तुकडा अजून होता, घामाने सुकून कडक झालेला. तिने तो उचलला आणि पात्याशेजारी धरला. मग घडी घालून कमरेला खोचला, जणू पुढच्या जन्मी लागेल. लाकूड संपलं होतं, दिवस संपला होता. त्यांनी त्याच पट्टीचे चार तुकडे कापले, सरस लावला, अध्यक्षांचा फोटो बसवला. कोपरे असे जुळले की नख जाईना. तेवढ्यावरूनही भांडण झालं, कारण धाकटा म्हणाला, "कोपरे तरी मी केले."

आठव्या दिवशी कार्यालयात दोघं भाऊ एकाच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले. बायका मागे. दोघांनी पुरावा म्हणून हत्यारंही आणली होती. धाकट्याच्या मांडीवर ठोकळा, थोरल्याच्या खिशात फडक्यात गुंडाळलेलं पातं.

साहेबांच्या टेबलावर पंखा होता आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर लाकडाचा एक तुकडा ठेवला होता. सासऱ्यांच्या पट्टीचा तुकडा. साहेबांना ते माहीत नव्हतं. गेली दहा वर्षं ते त्याच्यावर सुपारी फोडत होते.

"थोरले आधी."

थोरल्याने फ्रेम पुढे केली. तीन लाटा, एक पायरी, सगळं जिथल्या तिथे. जरा खडबडीत, पण बरोबर. साहेबांनी फ्रेम उभी केली, तसे अध्यक्ष आत हळूहळू घसरू लागले. हनुवटी गेली, मिशा गेल्या, शेवटी फक्त टोपी दिसू लागली. मागून काच सुटली आणि टेबलावर पडून फुटली.

साहेबांनी फ्रेम उलटी केली. "खाच कुठंय?"

"चिकटपट्टी लावली होती," थोरला म्हणाला. "उकाड्यानं सुटली."

"खाच पाडायचं पातं ठोकळ्याला असतं," धाकटा पटकन म्हणाला. "तो आमच्याकडं आहे."

"तुमची बघू."

धाकट्याच्या फ्रेममध्ये अध्यक्ष पहाऱ्यावर उभे असल्यासारखे ताठ होते. नक्षी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली म्हणून साहेबांनी कागदांवरचा तुकडा उचलून फ्रेमशेजारी धरला. मान तिरकी केली. मग तुकडा फ्रेमवर पालथा ठेवला. लाटा खड्ड्यांत जाऊन बसल्या. साहेबांना गंमत वाटली. त्यांनी थोरल्याची फ्रेम उचलली आणि धाकट्याच्या फ्रेमवर पालथी दाबली. खट्‌. दोन्हींमधून उजेडही जाईना. वरून हात फिरवला तर सपाट, खालून सपाट.

"आठ दिवस खपून तुम्ही फळी तयार केलीत," साहेब म्हणाले.

कुणी हसलं नाही. शिपाई हसला, पण त्याला बाहेर काम होतं.

"एकीत फोटो बसत नाही, दुसरीकडे बघवत नाही," साहेब लिहू लागले. "मूळ पद्धत सिद्ध नाही. कुणाचीच नाही. गाळा बंद."

"साहेब," धाकटी पुढे झाली. हातावरची चिंधी तिने पदराआड केली. "हे पातं ह्या ठोकळ्यात घातलं की होईल. इथंच. आत्ता. दोन्ही इथंच आहेत."

साहेबांनी थोरल्याकडे बघितलं. थोरल्याचा हात खिशाकडे गेला आणि खिशावरच राहिला. "आधी त्यानं ठोकळा टेबलावर ठेवावा," तो म्हणाला.

"आधी त्यानं पातं काढावं," धाकटा म्हणाला.

"एकदम काढा! एक, दोन, तीन!" थोरली मागून ओरडली.

"गप्प बसा, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "ते करून झालंय."

दोघं नवरे वळून आपापल्या बायकोकडे बघू लागले. साहेबांनी टाक पुसला.

अर्ध्या तासात सील लागलं. लाकूड आत राहिलं, सहाण आत राहिली, उकललेल्या फ्रेम आत राहिल्या. मधूनमधून दाराआडून टक्‌ असा आवाज येत होता. चौघं पायरीवर, उन्हात.

"माझा ठोकळा," थोरला म्हणाला. "वाटणीत माझ्याकडं आला होता."

"माझं पातं."

त्यांनी अदलाबदल केली. एकदम. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. आता सगळं न्यायाने झालं होतं, जे ज्याचं ते त्याच्याकडे होतं.

अर्ज धाकटीने लिहिला, कारण चौघांत अक्षर तिचं बरं आणि मजकूर सुचण्यासारखं डोकंही तिचंच. कागद कमी पडला म्हणून कमरेचा तुकडा उलगडला आणि त्याच्या नागमोडी कडेपर्यंत ओळी नेल्या. सही करताना दोघा भावांनी मध्ये एक उभी रेघ मारून घेतली.

"मा. साहेब, गाळे विभाग, यांस. विषय : गाळा नंबर सातचे मूळ धारक एक दिवसापुरते मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त गाळ्याची मूळ पद्धत फक्त मूळ धारकास ठाऊक असून अर्जदारांपैकी एकाकडे ती वरच्या बाजूने व दुसऱ्याकडे खालच्या बाजूने आहे. तरी मूळ धारकास कामाच्या कोणत्याही एका दिवशी, कार्यालयीन वेळेत, समक्ष हजर राहून एक हात पट्टी काढून दाखविण्याचा व त्यानंतर दोन्ही अर्जदारांच्या कानाखाली यथायोग्य कारवाई करण्याचा आदेश व्हावा. मूळ धारकास पोहोचविण्याचे काम अर्जदारांनी मागील वर्षी मिळून पार पाडलेले आहे. परत आणण्याचे काम कार्यालयाने करावे, ही विनंती."